दोन दात

नाना पेठेत पिकअप शिरतो तो पहाटेच.
सातनंतर रिक्षा, हातगाड्या, सायलेन्सरचे ढीग,
फळी टाकायलाही जागा उरत नाही.
म्हणून साडेपाचला आम्ही तिघं:
मी, ड्रायव्हर विलास चोरघे,
आणि खुर्चीत, शालीत, गुलाबभाई मुलाणी,
ज्यांची राजदूत आज कराडला चालली.

विकली म्हणत नाहीत ते.
चालली म्हणतात.

फळीवर गाडी चढवायची ती इंजिन बंद ठेवून.
एकाचा हात ब्रेकवर, एकाचा खांदा मागून.
पुढचं चाक चापात ठक्कन बसलं,
गिअर टाकला,
साइड स्टँड वर. वरच.
नवशिका तो खाली सोडतो, आधार म्हणून,
आणि पहिल्या खड्ड्यात तोच आधार चासी वाकवतो.

पट्टा हँडलला नाही.
हँडल धरायला असतं, बांधायला नसतं.
खालच्या टी-ला कापडी फास,
क्लचच्या वायरीपासून लांब,
डावा थोडा, उजवा थोडा, परत डावा,
टक्, टक्, टक्.
शॉकअप अर्धा दबला की हात आवर.
पुरता दाबलास तर सील जातं,
सैल सोडलंस तर गाडीच जाते.
मधली ती जागा कुठल्या पुस्तकात नाही,
माझ्या हाताला ती सापडली
त्यांच्या हाताच्या मोलानं.

अठ्ठ्याण्णव साल. मी सोळाचा.
भोसरीहून लिफ्ट आलेली, हिरवीगार,
पायानं पंप मारला की म्हशीसारखी सावकाश उठणारी.
वर कुणाची तरी बुलेट.
"शिरप्या, चाप आवळलास का?"
माझ्या हातात भज्यांचा पुडा होता.
"हो," म्हणालो.

कमरेइतकी वर गेली.
त्यांनी मागच्या चाकाचा नट सोडवला, चाक ओढलं,
आणि वजन सरकलं.
आवाज फारसा झाला नाही.
पुडा मात्र मी सोडला नव्हता,
हे मला अजून आठवतं,
तेलकट कागद, आत मिरची.

ससूनमध्ये डॉक्टरनं विचारलं, कसं झालं?
"चाप जुना झालेला," म्हणाले.
लिफ्ट आठ दिवसांची होती.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न मला विचारला नाही.
पगार वाढवला, किल्ल्या दिल्या,
लग्नात फेटा बांधला, उरलेल्या तीन बोटांनी, झकास.
पण माझ्या प्रत्येक गाठीवरून
ती तीन बोटं एकदा फिरून जायची.
बोलायची नाहीत.

आज ते खुर्चीतून उठले.
सीटवर हात ठेवला, जोरात हलवली.
राजदूत, पिकअप, पाटे, टायर
सगळं एकदमच डुललं.
तसंच हवं.
गाडी वेगळी हलली की समजावं, बांधलेली नाही,
नुसती ठेवलेली आहे.
"जा," म्हणाले. टाकीवर काही हात फिरवला नाही.
चहावाल्या पोराला हाक मारून आत वळले.

स्वारगेट, पद्मावती, धनकवडीचा फाटा,
बीआरटीच्या कडेचे ते दुभाजक, ते गतिरोधक.
कात्रज डेअरीसमोर विलासला म्हटलं, घे बाजूला.
"आत्ता तर निघालो!"
आत्ताच तर बघायचं असतं.
नवा ताण पहिल्या दहा किलोमीटरमध्येच खरं बोलतो.

मागचा डावा सैल.
दोन दात आवळला.
सगळं ठीक म्हणून पुढं गेलो असतो
तर कुणाला कळणार होतं?
फोन लावला.

"कोणता?" हॅलोच्या आधी.
"मागचा डावा. दोन दात."
पलीकडे कुणीतरी प्लगचा भाव विचारत होतं.
त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही, मलाही.
मग, सव्वीस वर्षांनी,
"आवळलास का?"

"हो," म्हणालो.
फोन खिशात टाकला.
विलासनं इंजिन चालू केलं होतं, ट्रक हॉर्न देत होते,
तरी परत मागं जाऊन बघून आलो.