पहिलं अक्षर

पोवई नाक्यामागच्या गल्लीत, सीसीटीव्हीच्या दुकानात
निकमांनी काचेवर वॉकीटॉकी मांडले
पत्त्यांसारखे, चित्र वर करून.
"हा घ्या ताई. वीस किलोमीटर."
कुठं वीस किलोमीटर?
"म्हणजे... सपाटीला."
साताऱ्यात सपाटी कुठं असते, निकम?
अजिंक्यताऱ्याकडं पाठ करून ते हसले
आणि दुसरा खोका उघडला.

आमच्या पाच गाड्या.
पुढं वसुधा शेडगेची जिप्सी, शेवटी माझी बोलेरो.
मधलं कोण कुठं रुतलंय
ते आजवर हॉर्नवरून ओळखायचं:
एक लांब म्हणजे थांब,
दोन म्हणजे ये,
तीन आखूड म्हणजे शौकत मुलाणी,
ज्याला तोंडापेक्षा हॉर्न सोपा जातो.
मोबाइलचं म्हणाल तर
ठोसेघर मागं पडलं की ते नुसतं घड्याळ.

मी वॅट नाही विचारले.
परवान्याशिवाय चालतो तोच दाखवा म्हटलं,
आणि गाडीच्या सॉकेटवर चार्ज होणारा.
बटण असं, की चिखलाच्या हातमोज्यातून
अंगठ्याला न बघता सापडावं.
आकडे ठळक,
वसुधा चष्मा घरी विसरते.
दोन नग दोन दिवसांसाठी नेले.
निकमांनी वहीत नाव लिहिलं,
अनामत दोनदा मोजली.

चाळकेवाडीच्या सड्यावर
धुकं इतकं, की पवनचक्क्यांना नुसते पाय.
वरून पाती फिरल्याचा आवाज,
कुणीतरी मोठं चादर झटकतंय तसा.
पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना
आणि वाट फुटली दोन्हीकडं.
वसुधा म्हणाली,
"वीकडे."
कुठं?
"वीकडे गं, वीकडे!"
बटण दाबल्यावर अर्धी पापणी लवेपर्यंत
यंत्र झोपेतून उठत होतं
आणि उठता उठता पहिला घास खात होतं.
डावी काय, उजवी काय,
शेपूट दोघींचं एकच.
मी स्टिअरिंग सरळ धरून बसले,
ब्रेकवरचा पाय दुखेपर्यंत.

मग खरखर. मग शौकत.
तो वसुधाच्या शेजारी बसला होता.
"द... द... द... दगडाच्या अंगानं ये.
द... दरी तुझ्या खि... खिडकीखाली आहे."
यंत्रानं एक द खाल्ला असेल,
त्याच्याकडं शिलकीत होते.
सबंध सड्यावर त्या सकाळी
पूर्ण पोचलेलं पहिलं वाक्य ते.

खाली आल्यावर टपरीवर चहा.
वसुधा म्हणाली, परत कर, डबडं आहे.
मी त्या डबड्याकडं बघत राहिले.
अकरा वर्षं झाली,
आम्ही शौकतचे शब्द पुरे करत आलो.
तो "क्ल..." म्हणायचा, आम्ही चौघं "क्लच!"
मदतच की ती.
त्यानंही कधी तक्रार केली नाही,
तक्रारही आम्हीच पुरी केली असती.
पण इथं, ज्याचा अंगठा बटणावर
त्याचं वाक्य त्याचंच.
बाकीच्यांनी ओठ हलवावेत खुशाल,
आपापल्या काचेआड.

सोमवारी निकम म्हणाले,
थोडं महाग घ्या, त्यात अक्षर तुटत नाही.
मी म्हटलं, हाच.
आणखी तीन द्या.
"तुटतंय म्हणताय आणि हाच?"
बटण दाबून एक श्वास थांबायचं, मग बोलायचं,
एवढं आमच्यातल्या चौघांना शिकावं लागेल.
पाचव्याला येतं.
निकमांना कळलं नाही.
बिलात त्यांनी पाऊच फुकट लावले.

परवा सज्जनगडाच्या वळणावर
शौकत माझ्या गाडीच्या वासाबद्दल बोलत होता,
सावकाश, जागोजाग अडखळत,
मधे दोनदा नुसता श्वास.
मला उत्तर कधीचं ठाऊक होतं.
जिभेवर घेऊन बसले,
चढ संपला, तरी बसले.
"...आणि क्ल... क्लच नाहीये तो.
तुझा हँडब्रेक ओढलेला आहे.
ओ... ओव्हर."