धार

कुओपियोत डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
राइली बसमधून उतरते, कोटाची उजवी बाही
कोपराखाली दुमडून पिन लावलेली.
उरलेल्या हातावर मी स्पिरिटचा बोळा फिरवतो,
ती दर वेळी म्हणते, "गार आहे,"
दर वेळी मी म्हणतो, "हो."
मग आठ इलेक्ट्रोड, बांगडीसारखे गोल.

पडद्यावर आठ रेघा.
मनातून हुकूम सुटला की रेघ पिंजारते,
मुंगीच्या पावलाएवढी वीज.
मूठ, असं मी म्हणतो, आणि ती मूठ वळते,
नसलेली.
तर्जनी. पाच सेकंद. सोडा.
मधलं बोट. सोडा.
आता विश्रांती.

अंगठा यंत्राला लगेच ओळखू येतो.
करंगळीही, दहातून सात वेळा.
घोळ होतो तो अनामिकेचा.
आमच्या भाषेतही हिला निनावीच म्हणतात,
आणि यंत्राला तर प्रत्येकाचं नाव लागतं.
कधी तिला मधलं ठरवतं, कधी करंगळी.
राइली हसते :
"तिला एकटीला मी कधी कुठे पाठवलं होतं?"

पण माझी खरी अडचण वेगळीच.
विश्रांतीचा रकाना शांत बसेना.
रेघा सपाट व्हायला हव्यात तिथे
एक लाट यायची, वरून खाली,
थांबायची, पुन्हा वरून खाली,
सेकंदाला जेमतेम एक.
मी वायर बदलली. जेल बदललं.
शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद करून पाहिला.
गोंगाट, असं लिहून
एकोणीस फायली पुसून टाकल्या.

विसाव्या वेळी विचारलं,
"विश्रांती म्हटल्यावर काय करता तुम्ही?"
ती लाजली. पासष्ट वर्षांची बाई, कानापर्यंत लाल.
"काही नाही हो. चार वाजले की
धारेची वेळ होते."

मला कळलं नाही. मी शहरातला,
दूध माझ्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं.
तेव्हा तिने डाव्या हाताने माझा अंगठा धरला :
"हा सड समज.
आधी वर, अंगठा आणि तर्जनीने वाट बंद करायची,
नाहीतर दूध माघारी जातं.
मग मधलं, मग निनावी, मग करंगळी,
एकामागून एक. ओढायचं नाही.
ओढलं की ती लाथ मारते."
माझ्या अंगठ्यावरून चार बोटं उतरली,
पायऱ्या उतरावीत तशी,
आणि पुन्हा वर गेली.

पडद्यावर तीच लाट.
आणि तिच्यात, तिसऱ्या जागी,
मधल्याच्या मागे, करंगळीच्या आधी,
स्वच्छ, स्वतंत्र, दुसऱ्या कुणाची वाटू नये अशी
अनामिका.

चारा कापायच्या यंत्राच्या धारेने हात नेला,
तरी धार गेली नव्हती.

मी नवा रकाना उघडला. नाव मागत होता.
"हेलुना," ती म्हणाली.
"तुमची गाय?"
"होती. अपघातानंतर विकली.
एका हाताने दोन सड होतात, चार होत नाहीत."

उपयोग काही नाही त्या रकान्याचा.
नवा हात कप धरतो, किल्ली फिरवतो,
त्याची तीन बोटं एकाच मोटरवर,
त्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत.
पाहणीला आलेल्या बाईंनी विचारलं,
हा शेवटचा वर्ग कसला?
मी म्हणालो, इतर.

राइली हल्ली महिन्यातून एकदा येते.
"गार आहे." "हो."
विश्रांती म्हणून मी गप्प बसतो
आणि घड्याळाकडे बघत नाही.
पुसलेल्या एकोणीस फायली परत मिळाल्या नाहीत.
किती बादल्या झाल्या असत्या, कोण जाणे.