एक बॉल कमी

सलग नववी मॅच हरून
माझगावच्या कोर्टाबाहेर पायऱ्यांवर बसलो होतो.
टीम नव्हे. आम्ही, बघणारे.
टीम केव्हाच पांगली होती, कुणी क्लासला,
कुणी डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून.

अठ्ठेचाळीस–एकाहत्तर.
आकडा माझ्याच अक्षरात आहे. स्कोअर मी लिहितो,
चोवीस वर्षं, पगार नाही, मॅचमागे एक उसळपाव.
त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही
आणि मला सगळं ऐकू येतं.

मुकादम म्हणाला, बदला. बस झालं.
जग तीनच्या रेषेबाहेरून मारतंय
आणि पिंगुळकर सर अजून पोरांना
बोर्डावरचा चौकोन दाखवतायत.
दिलशाद म्हणाली, सहा वर्षांपूर्वी फायनल जिंकलो तेव्हा
याच माणसाला खांद्यावर घेऊन नागपाड्यापर्यंत नेलंत.
वाटेत त्यांची एक चप्पल पडली.
ती शोधायला कोण गेलं होतं?

शिरधनकर बँकेतून रिटायर झालेले, हिशेबानं बोलतात:
नऊपैकी चार मॅच पाच गुणांच्या आत गेल्या.
याला हार नाही म्हणत. उधारी म्हणतात.
मग वसुली कधी, मुकादमनं विचारलं.
सगळे हसले. शेंगदाण्याची पुडी पुढे सरकली.

अंधेरीचा एक पोरगा आहे म्हणे, लॅपटॉप घेऊन येतो,
कोण कुठून मारतो, कुठून चुकतो
त्याचे रंगीत ठिपके दाखवतो.
ठिपके बघून उंची वाढते का, ज्योएल म्हणाला,
आपला सेंटर पाच फूट दहा.
एकतीस वर्षांत सरांनी कोणाची वाढवली?
यावर ज्योएलनं शेंगदाण्याची सालं फुंकली.

अर्ज तयारच होता. मा. प्राचार्य, सविनय वगैरे.
सोळा सह्या झालेल्या, सतरावी जागा माझी.
पेनही माझंच फिरत होतं.

मी विचार करत होतो तिसऱ्या क्वार्टरमधल्या टाइमआउटचा.
पोरं बाटल्या तोंडाला लावून गोल उभी
आणि सर काही बोललेच नाहीत. पुरा एक मिनिट.
सात नंबरच्या बुटाची नाडी सुटली होती,
ती त्यांनी खाली बसून बांधली, दुहेरी गाठ,
आणि उठताना हात माझ्या टेबलावर टेकवला.
टेबल हललं.
हे मी कुठे लिहिणार?
टाइमआउटला शीटवर एक फुली असते, एवढीच.

मग कोर्टाचे दिवे गेले आणि सर बाहेर आले,
खांद्यावर बॉलची जाळी.
पुडी जिथे होती तिथेच थांबली.
एक बॉल कमी आहे, ते म्हणाले. अकराच भरतायत.

आणि काय सांगू,
सोळाच्या सोळा सह्या उठल्या.
शिरधनकर मोबाइलचा टॉर्च लावून गटारात वाकले,
दिलशाद बाइकांच्या मधून,
मुकादम, बावन्न वर्षांचा, नवा शर्ट,
टेम्पोखाली पोटावर आडवा.
त्यालाच सापडला. शर्टाला पुसला,
दोनदा टप्पा दिला, आणि जाळीत टाकायला
हात वर उचलला.

कोपर आत, सर म्हणाले.
सवयीनंच. बघितलंही नसेल नीट.
आणि मुकादमनं कोपर आत घेतलं.

सर गेले. चिंचोळ्या गल्लीत जाळी
दोन्ही भिंतींना घासत गेली, बराच वेळ ऐकू आली.

तरी बदलायलाच पाहिजे, मुकादम म्हणाला,
शर्टाचं ऑइल नखानं खरवडत.
नाही असं कोणी म्हणालं नाही.
दिलशादसुद्धा.

अर्ज फिरून माझ्याकडे आला.
मी तारीख घातली. हाताला तेवढंच वळण:
आधी तारीख, मग दोन्ही बाजूंची नावं,
निकाल शेवटी.
पेन अडकत अडकत चालत होतं.
पुडीत नुसतं मीठ उरलं होतं.