द्विरुक्ती

उल्का धारपांच्या पक्ष्यांच्या पुस्तकाचं तिसरं मुद्रित,
नारायण पेठेतला प्रेस, दुपार, डोक्यावर कुरकुरता पंखा.
पान एकोणसाठ.
अमेरिकेतला पक्षी, मुठीत मावेल एवढा,
काळी टोपी, काळा गळा, गाल मात्र पांढरे.
नाव चिकॅडी.
तिकडे म्हणे चिमणीसारखा दारात येतो
आणि स्वतःचंच नाव घेत हिंडतो.
आपली टिटवी तशीच.
वेताळ टेकडीवर रात्री कुणाचं पाऊल वाजलं
की तिचं नाव आमच्या गॅलरीपर्यंत येतं.

खाली अवतरणात त्याची हाक:
चिक-अ-डी-डी-डी-डी-डी.
कळ अडकली असणार डीटीपीवाल्याची.
मी दोन डी ठेवले, तीन उडवले,
समासात लिहिलं: द्विरुक्ती.
एकतीस वर्षं हेच करतो.
'परत पुन्हा'मधलं परत काढतो,
'गोल वर्तुळा'तलं गोल.

संध्याकाळी बाईंचा फोन. रागावल्या नव्हत्या.
"मायदेव, ते डी मोजलेले आहेत हो.
थोरलं घुबड जड असतं, त्याला दोन पुरतात.
टीचभर, चपळ घुबड दिसलं की पाच.
तुम्ही तीन खोडलेत
आणि माझं घुबड फुगलं."

आमच्या घरात नावं नव्हतीच.
ती अहो म्हणायची, मी अगं.
गेल्या मार्गशीर्षात स्वयंपाकघरातून
अहो.
मी ओळ पुरी करत होतो.
अहो.
अहो, अहो.
समासात काही लिहिलं नाही,
पण मनात शब्द तोच आला.
पाचव्याला उठलो.
दूध उतू जाऊन शेगडी विझलेली,
ओट्याला टेकून ती उजव्या हाताकडे बघत होती,
शेजारणीचा कुणीतरी इथे विसरून गेलंय तसं.

आता तिला अ येत नाही.
मंगळवारी एक मुलगी येते, आरशासमोर बसवते,
आ करायला लावते.
नुसतं हो येतं.
चहा घेतेस? हो.
दिवा मालवू? हो.
आणि मधेच, मी काहीच विचारलेलं नसताना,
हो. हो.

मुद्रित घरी आणलंय.
खोडलेल्या तिन्ही डींखाली टिंबं देतो,
समासात: असू द्या.
आतून हो.
शाई वाळायची आहे.
हो.
पेन हातात तसंच,
दुसऱ्यालाच उठतो.