चुंबळ

शाळेच्या चिठ्ठीत होतं:
‘शरद ऋतूचं गोल तोरण घरी बनवावं. साधं सामान वापरावं.’
खाली चित्र. दारावर टांगलेलं कडं,
लालभडक पानं, पंजासारखी,
आणि कोपऱ्यात एक खार, आमच्याकडे नसते तसली.

दुर्वाने विचारलं, आपल्याकडे हा कधी येतो?
मी खिडकीबाहेर पाहिलं.
आगशीच्या खाजनात कापणीचं यंत्र चिखलात रुतलेलं,
चार माणसं त्याच्यावर ओरडत होती.
माड हिरवा, फणस हिरवा,
ऊन मात्र असं, की तारेवरचा टॉवेल
पापडासारखा हातात यावा.
म्हटलं, आलाय. हाच तो.

मग सामान जमलं.
लग्नपत्रिकांचा पुठ्ठा.
मैद्याची खळ, तळाला जरा लागलेली.
खराट्याचे हीर, सुंभाचा तुकडा,
सुरूची बोंडं, वाळूसकट.
बदामाची तीन पानं, त्यातलं एक खरोखर लाल;
ते दुर्वाने फ्रीजवर लपवलं,
मी चुकून वापरीन म्हणून.

पुठ्ठ्याचं कडं खळीने भिजून वाकलं.
दुसरं केलं, तेही.
तेव्हा अंगणातला पेंढा घेतला,
पीळ भरत गेले,
टोक टोकाला भेटलं
आणि हात थांबले.

हे कुठे पाहिलंय, ते हातांना आधी कळलं.
इस्प्रांसच्या डोक्यावर.
पेंढ्याची चुंबळ, तिच्यावर जुन्या फ्रॉकची चिंधी,
वर पाटी, पाटीत बांगडे, बांगड्यांवर ओलं केळीचं पान.
पायरीशी येऊन म्हणायची, ‘हात लाव गो.’
पाटी उतरली तरी चुंबळ तिथेच,
घासाघीस संपेपर्यंत.
हसली की सगळी हलायची,
चुंबळ नाही.

एप्रिलात तिने शेवटे आणले होते.
माझ्याकडे सुटे नव्हते. ‘फाल्यां दी.’
शेवटचे शेवटे. तीस रुपये.

कडं शाळेत गेलं. दहापैकी सहा.
शेरा: ‘प्रयत्न चांगला. रंग ऋतूला साजेसे नाहीत.’
दुर्वाने ते दप्तरासकट सोफ्यावर फेकलं
आणि न जेवता झोपली.

इस्प्रांसचा रेमेद स्विंडनला असतो, गोदामात, रात्रपाळीला.
त्याचा निरोप आला:
दोन तारखेला आईकडे फुलं ठेवाल का, पैसे पाठवतो.
सोबत फोटो, कामावर जाताना काढलेला.
फूटपाथभर लाल पानं, थेट त्या चित्रातली.
खाली एवढंच, ‘हांगा कोण झाडिना.’

पुष्पचक्र हा शब्द मला सरकारी वाटतो,
बिगूल वाजवून ठेवतात तसला.
मी त्या सहा गुणांच्या कड्यात
अंगणातली रोझां खोवली,
हिरांनी टोचून, सुंभाने आवळून.
दुर्वा बघत होती. मग म्हणाली, एक बोंड सैल आहे.
तिनेच ते घट्ट केलं.

सिमितेरात मेणाचा वास, माणसांची रांग,
शेजारच्या क्रॉसवर प्लास्टिकचे गुलाब,
पावसाने धुऊन पांढरे झालेले.
इस्प्रांसच्या मातीला अजून फरशी नाही.
मी वाकून कडं ठेवलं.
दुर्वा म्हणाली, तिकडे पाय आहेत, आई.
ती कुणाला तरी विचारून आली होती.
तिने ते उचललं, दुसऱ्या टोकाला नेलं,
मातीवर दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं,
हलतं का पाहिलं.
वर काहीच नव्हतं ठेवायचं.

तीस रुपये पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत,
तीन नोटा, वेगळ्या घडी केलेल्या.
भाजी घेताना बोटं तिथे जातात, परत येतात.

लाल पान अजून फ्रीजवरच आहे.
कडा वळल्यात त्याच्या.
धूळ पुसताना मी ते उचलते,
खालून फडकं फिरवते,
आणि पुन्हा तिथेच ठेवते.