शेजारची बाजू

आमची पश्चिमेची भिंत
बाहेरची म्हणून बांधलेलीच नव्हती.
दांडिया बाजारातल्या त्या गल्लीत
सबनिसांचं घर आणि आमचं
एकाच भिंतीला दोन्हीकडून पाठ टेकून बसलेलं.
मग सबनीस गेले, घर विकलं,
घेणाऱ्यानं ते चैत्रात उतरवलं
आणि भिंत उघड्यावर आली,
न्हाणीघराचं दार कुणी एकदम ढकलावं तशी.

बडोद्याला पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो.
आषाढभर तो विटांमधून झिरपला,
गव्हाच्या कोठीमागे नकाशे उमटले.
आई म्हणायची ओल,
छबीलदास मिस्त्री म्हणायचा भेज;
दोघं एकाच डागावर बोट ठेवून भांडत.

पाऊस सरल्यावर त्यानं पन्हळी पत्रे आणले, एकोणीस.
खालून वर लावत गेला, माशाच्या खवल्यांसारखे,
वरच्याची कड खालच्यावर चार बोटं.
आधी सागाच्या पट्ट्या, मग पत्रा,
भिंत आणि पत्रा यांत दोन बोटं मोकळी.
चिकटून का नाही लावत, मी विचारलं.
"भींतने य श्वास जोईए, बेन."
सगळ्यात खालची कड त्यानं हातोडीनं बाहेर वाकवली,
परकराच्या झालरीसारखी,
थेंब जोत्यापासून वीतभर लांब पडावा म्हणून.

लोक म्हणाले, घराचा डबा केला.
पावसात वडील रेडिओ मोठा करत,
आणखी मोठा,
मग बंदच करून पत्रा ऐकत बसत.
नकाशे एकेक करून पुसट झाले.
एक राहिला, श्रीलंकेएवढा.

यंदा पत्र्यांची चाळण झाली.
छबीलदास नाही. नातू आला, ड्रिल घेऊन.
शेजारचा प्लॉट अजून कोर्टात, एरंड माजलेला,
पत्रे उतरले तशी त्या एरंडात
एकतीस वर्षांनी मी सबनिसांच्या स्वयंपाकघरात उभी होते,
पायात चपला.

निळा ऑइलपेंट, कोरडा ठणठणीत.
कोनाड्यात काजळीची जीभ.
खाली कोपऱ्यात, तेव्हाचा एक पावसाळा सोसून उरलेले,
पेन्सिलीनं लिहिलेले दुधाचे खाडे:
मंगळवार नाही. शुक्रवार पाव लिटर कमी.
कमलताईंचं अक्षर, प्रत्येक र मागे वळून पाहणारा.
शेवटची ओळ:
शेजारून अर्धा लिटर. द्यायचंय.

आईच्या वह्या मी पुन्हा चाळल्या.
ती सगळं लिहायची,
कोथिंबिरीवर सुटलेले चार आणेसुद्धा.
त्या चैत्रात दुधाची ओळ नाही.

पोरगा म्हणाला, आधी चुना मारून घेऊ?
नको म्हटलं. आहे तशीच झाक.
दोन बोटं जागा ठेव.

संध्याकाळी नवे पत्रे डोळ्यांवर येत होते.
खालची कड वाकवायची तो विसरला होता.
मी हातोडी मागितली.