अर्धलीचं पिल्लू

चितळी खुडूक झाली तेव्हा
तिच्याखाली एकही अंडं नव्हतं.
औशाच्या बाजारात सगळी विकून
मी साबण आणला होता, गोडंतेल,
आणि अंगणवाडीच्या रजिस्टरसाठी कार्बन.
तरी ती बसली तुराट्यांच्या कोपऱ्यात,
रिकाम्या जागेवर पंख पसरून.
हात नेला की फुगायची, टोचायची,
म्हणजे चोर मीच.

जाऊ म्हणाली, पाण्यात बुचकळा, उतरंल खूळ.
खैरुनबी म्हणाली, कामून छळतीस बाई तिला,
माझी अकरा ने. अर्धलीनं.

एकेक अंडं उन्हाला धरून बघितलं,
कोळशानं खूण केली.
टोपल्यात भुसा, भुशात एक गंजका खिळा,
इजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून.
पोरगा हसला. बारावी सायन्सला आहे.
पण खिळा त्यानंच शोधून दिला.

एकविसाव्या दिवशी नऊ निघाली.

आता नवाचं अर्धं.
चार तिची, चार माझी,
आणि एक उघड्या मानेचं
आमच्या दोघींच्या मधोमध
माती उकरत उभं.
तू ठेव. नाही, तू ठेव.
'मुंगसानं नेलं तर हिशोबच मिटंल,'
खैरुनबी बोलून गेली
आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

मुंगसानं माझी दोन नेली, घारीनं तिचं एक.
मानमोडी आली त्या पंधरवड्यात
वरच्या आळीची खुराडी झाडून रिकामी.
उघड्या मानेची तेवढी तगली.
माझ्याकडं कण्या, तिच्याकडं शिळी भाकर,
रात्री मनाला येईल त्या डालग्याखाली.

तलंग झाली. तुरा लाल झाला.
पण अंडं माझ्या दारात नाही,
तिच्याही दारात नाही.
आठ दिवस आम्ही दोघी
एकमेकींशी जरा जास्तच गोड बोललो.

मग नागोरावच्या गिरणीतून
सकाळी सकाळी आमलेटचा वास आला.

आता तिथंच ती खुडूक बसलीय,
मिरची कांडपाच्या मशीनमागं, पट्ट्याखाली.
चैत्र सरत आला.
गल्लीची मिरची वाळून कडकडीत, पोत्यात तशीच,
बाया दारात येऊन भांडून जातात.
नागोराव ज्वारी दळतो, गहू दळतो,
त्या मशीनचं बटण दाबत नाही.
बारा दिवस झाले म्हणतो, अजून नऊ.

काल दिवेलागणीला आला,
भुवयांपर्यंत पिठानं पांढरा,
माझ्या आणि खैरुनबीच्या दाराच्या मधे उभा राहिला,
कुणाकडं बघावं ते न कळून.
'मालकीण कोण तेवढं सांगा.
अर्धलीचीच अर्धल म्हणल्यावर
माझ्या तराजूत बसंना.'

खैरुनबीनं आतूनच विचारलं,
'किती ठेवलास रे खाली?'

'सात.'